चेरी कोळंबी घरी आणण्यापूर्वीची तयारी

दुकानात जाऊन कोळंबी निवडण्याच्या निदान पाच-सहा आठवडे आधी टाकी पाण्याने भरून, वाळू घालून स्पंज फिल्टर सुरू करून ठेवावा. येथे अभिप्रेत असलेली कोळंबी म्हणजे मूळची तैवान-चीनकडची निओकॅरिडिना, अर्थात बाजारात मिळणारी लाल चेरी. ही जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर वाढते आणि तिची पिल्ले गोड्या पाण्यातच, आईची हुबेहूब छोटी प्रत म्हणून जन्मतात. शेवाळ खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अमानो कोळंबीच्या अळ्यांना मात्र खारट पाणी लागते, म्हणून प्रजननाची इच्छा असेल तर जात नीट विचारून घ्यावी.

पहिल्या आठवड्यांत टाकी रिकामी दिसते, पण काम तेव्हाच चाललेले असते. फिल्टरमध्ये जिवाणू वसतात, जे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात, आणि काचेवर, मॉसवर (पाण्यात वाढणारी बारीक पानांची वनस्पती) व दगडांवर बुळबुळीत पातळ थर चढतो, जो नंतर पिल्लांचे पहिले अन्न ठरतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तर नायट्रेट २० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत २० भाग) खाली आल्याचे टेस्ट किटने पाहिल्याशिवाय एकही जीव आत सोडू नये.

सर्वाधिक लक्ष पाण्याच्या जडपणाकडे द्यावे. मुंबईला मिळणारे तलावांचे पाणी बरेच सौम्य असते, तर बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. बादलीच्या कडेला पांढरा थर जमत असेल तर उत्तर तिथेच मिळाले. चेरीसाठी जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा एकूण जडपणा) ६ ते १०, केएच (कार्बोनेटचा जडपणा) २ ते ५, पीएच (आम्लता) ६.८ ते ७.६ आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) साधारण १५० ते २५० पीपीएम असावा. टीडीएस मोजणारे पेन सहज मिळते, पण ते पाण्यात किती विरघळले आहे एवढेच सांगते, काय विरघळले आहे ते सांगत नाही, म्हणून जीएचची चाचणी वेगळी करावी. नुसते आरओचे (खनिजे जवळपास काढून टाकणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे) पाणी वापरणेही चूक आहे, कारण कोळंबी कात टाकल्यावर नवे कवच कॅल्शियमवर घडवते. खनिजे कमी पडली तर कात अर्ध्यावर अडकते, मानेमागे पांढरे कडे उमटते, आणि अशी कोळंबी सहसा वाचत नाही. आरओच्या पाण्यात कोळंबीसाठीची खनिज पावडर मोजून घालावी. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतात, रोज बदललेले चालत नाहीत.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन दिवसभर उघडे ठेवून उडते, पण क्लोरामाइन उडत नाही. तेव्हा क्लोरीन काढणारे औषध जवळ असावे. तांब्याच्या कळशीतले पाणी आपल्याला कितीही मानवो, कोळंबीला तांबे विषच, आणि माशांच्या कित्येक औषधांतही ते असते. डासांचा फवारा आणि घरातील पेस्ट कंट्रोल यांबाबतही तितकीच काळजी घ्यावी.

तापमान २२ ते २६ अंश उत्तम. मे महिन्यात पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, मात्र त्याने बाष्पीभवन वाढते आणि खनिजे मागेच राहतात, म्हणून घटलेली पातळी आरओच्या पाण्याने भरावी.

दहा-पंधरा कोळंब्या एकाच रंगाच्या घ्याव्यात. निरनिराळे रंग एकत्र सोडले की पुढील पिढ्या मातकट निघतात. थेंब-थेंब पाणी मिसळत निदान दोन तासांत त्यांना टाकीची सवय करावी. त्यानंतर मादीच्या मानेमागे पिवळसर किंवा हिरवट, खोगिरासारखा डाग दिसतो का, ते पाहावे. ती अंडाशयातील कच्ची अंडी असतात. मादीने कात टाकली की पाण्यात तिचा गंध पसरतो आणि एरवी निवांत चरणारे नर टाकीभर वेड्यासारखे पोहत सुटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पाणी बिघडले असावे असेच वाटते. काही तासांत अंडी पोटाखालच्या पायांमध्ये येतात. ही गाभोळी, सहसा वीस ते तीस अंड्यांची, मादी तीन-चार आठवडे पायांनी सतत हलवत स्वच्छ ठेवते, आणि उबण्याआधी अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागतात.

या काळात पाणी एकदम बदलू नये. मी एकदा दिवाळीच्या साफसफाईच्या भरात अर्धी टाकी उपसून ताजे पाणी भरले. दुसऱ्या दिवशी मॉसवर एक पारदर्शक कात पडलेली होती आणि तिला पिवळी अंडी तशीच चिकटलेली होती. आठवड्याला दहा टक्के पाणी, तेही त्याच तापमानाचे आणि त्याच टीडीएसचे, पुरेसे असते. पहिल्या खेपेची अंडी मादी कधीकधी आपणहून टाकते, त्याची फार चिंता करू नये.

पिल्लांसाठी, स्पंज फिल्टरऐवजी दुसरा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडावर बारीक स्पंज असावा, मॉस भरपूर असावे आणि मासे नसावेत, कारण दोन मिलिमीटरचे पिल्लू बहुतेक माशांना घासच वाटते. देशी बदामाचे वाळलेले, स्वच्छ धुतलेले पान तळाशी टाकावे. दोन-तीन आठवड्यांत त्याची जाळी होते, आणि रात्री दिवे मालवून टॉर्च धरला की त्या जाळीवर काचेच्या तुसांसारखी पिल्ले चरताना दिसतात.