मेंदूविकारांवरील नव्या औषधाची बातमी कशी वाचावी

घरात कंपवाताचा, अल्झायमरचा किंवा एएलएसचा (स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जाण्याच्या विकाराचा) रुग्ण असला की नव्या संशोधनाच्या बातम्या न मागता येऊन पोचू लागतात. कोणी कात्रण पाठवतो, कोणी व्हिडिओ, आणि प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न उभा राहतो की हे आपल्या माणसाला लागू पडेल का. याचे उत्तर बातमीत क्वचितच असते. बातमी ज्या शोधनिबंधावर बेतलेली असते त्यात मात्र ते पुष्कळदा सापडते, आणि ते शोधायला वैद्यकीय पदवी लागत नाही. बहुतेक शोधनिबंधांचा सारांश विनामूल्य वाचायला मिळतो आणि कामाचे आकडे बहुधा त्यातच असतात. तो उघडताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, कारण थोडी वजाबाकी करावी लागते.

सर्वांत आधी प्रयोग कोणावर झाला ते पाहावे. पेशींवरचा किंवा उंदरांवरचा प्रयोग असेल तर बातमी तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही. उंदरांना माणसाचा एएलएस आपोआप होत नाही; माणसातील सदोष जनुक त्यांच्यात घालून रोगासारखी अवस्था निर्माण केली जाते, आणि त्या अवस्थेवर चाललेले औषध माणसाच्या रोगावर चालेलच असे नसते. मिनोसायक्लीन या जुन्या प्रतिजैविकाने अशा उंदरांचे आयुष्य वाढले होते. पुढे एएलएसच्या ४१२ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि २००७ मध्ये निकाल आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांची प्रकृती खोट्या (दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या) गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वेगाने ढासळलेली आढळली. औषध जुने, सहज मिळणारे आणि एरवी निर्धोक मानले जाणारे होते. ‘घेऊन पाहायला काय हरकत आहे’ असे वाटावे अशा सगळ्या गोष्टी त्यात होत्या.

प्रयोग माणसांवर झालेला असेल तर पुढचा प्रश्न येतो तो मोजपट्टीचा, आणि माझ्या मते वाचकाने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. लेकानेमॅब या औषधाचे उदाहरण घेऊ. अल्झायमरच्या आरंभीच्या अवस्थेतील १७९५ जणांवर १८ महिने चाललेल्या त्याच्या चाचणीचे निकाल २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि ‘रोगाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला’ असे मथळे झळकले. आकडा खरा आहे. पण २७ टक्के कशाचे, हे कळण्यासाठी गुणांकनाकडे जावे लागते. रुग्णाशी आणि त्याची देखभाल करणाऱ्याशी बोलून स्मरणशक्ती, स्थळकाळाचे भान, निर्णयक्षमता, समाजातील वावर, घरातील कामे व छंद आणि स्वतःची निगा अशा सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण दिले जातात. बेरीज १८ पर्यंत जाऊ शकते आणि गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. खोटे औषध मिळालेल्यांचे गुण १८ महिन्यांत सरासरीने १.६६ ने वाढले, खरे औषध मिळालेल्यांचे १.२१ ने. वजाबाकी केली की ०.४५ उरतात, आणि १.६६ मधील ०.४५ म्हणजे २७ टक्के. एकाच चाचणीचे हे दोन आकडे, पण वाचताना ते किती वेगळे वाटतात!

आता मोजपट्टी आणखी जवळून पाहावी. कोणत्याही एका बाबीत गुण बदलायचे तर ते कमीत कमी अर्ध्याने बदलतात. म्हणजे सरासरी फरक एका रुग्णाच्या बाबतीत नोंदवता येणाऱ्या सर्वांत लहान फरकापेक्षाही किंचित कमी भरला. यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही. मेंदूत साठणारे अमायलॉइड हे प्रथिन काढून टाकल्याने ऱ्हास मंदावतो हे मोठ्या चाचणीत दिसणे ही संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होती, आणि सरासरीच्या आड काहींना अधिक, काहींना कमी फायदा झालेला असू शकतो. मात्र कुटुंबाला तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे लागते. दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध घ्यायचे, वारंवार एमआरआय करायचे. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज आढळली, तर खोटे औषध घेणाऱ्यांत हेच प्रमाण १.७ टक्के होते. सूज बहुतेकांना जाणवली नाही, पण तिचा धोका सर्वांना सारखा नसतो. एपीओई-४ या जनुकप्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांना तो बराच अधिक असतो, म्हणून उपचारापूर्वी जनुकीय तपासणीचा विषय निघतो.

मोजपट्टी बदलली की बातमीचे वजन कसे बदलते हे पाहायचे असेल तर पक्षाघाताकडे वळावे. मेंदूच्या मोठ्या रोहिणीत अडकलेली गुठळी जांघेतून नळी घालून काढण्याची पद्धत नेदरलँड्समध्ये ५०० रुग्णांवर तपासली गेली. तिथे मोजले ते साधे होते: ९० दिवसांनंतर रुग्णाची स्थिती कशी आहे, दैनंदिन व्यवहार तो कुणाच्या मदतीवाचून करू शकतो का. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी १९.१ टक्के स्वावलंबी झाले, गुठळी काढण्याची सोय मिळालेल्यांपैकी ३२.६ टक्के. फरक १३.५ टक्क्यांचा. शंभराला १३.५ ने भागले की साधारण साडेसात येतात. म्हणजे सात-आठ जणांवर ही प्रक्रिया केली की एरवी परावलंबी राहिला असता असा एक जण स्वतःच्या पायांवर उभा राहतो. हा भागाकार प्रत्येक बातमीत करून पाहावा. तो करता येण्याजोगे आकडे शोधनिबंधात नसतील तर तेही टिपून ठेवावे. २०१५ मध्ये आणखी चार चाचण्यांनी हाच निष्कर्ष दिला आणि उपचारपद्धती बदलली.

काही वेळा मोजले जाते ते रुग्णाचे चालणे-बोलणे नव्हे, तर त्याचे रक्त किंवा मेंदूची प्रतिमा. टोफरसेन हे औषध एएलएसच्या सर्व रुग्णांसाठी नाही. एसओडी-१ जनुकात दोष असलेल्यांसाठीच आहे, आणि असे रुग्ण शंभरात सुमारे दोनच असतात. १०८ जणांच्या चाचणीत २८ आठवड्यांनंतर शारीरिक क्षमतेच्या मुख्य कसोटीवर दोन गटांतील फरक पुरेसा निघाला नाही, पण रक्तातील न्यूरोफिलामेंट हे चेतापेशींच्या हानीचे निदर्शक प्रथिन स्पष्टपणे घटले. त्या आधारावर अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला जलद मान्यता दिली. दुर्मीळ आणि वेगाने वाढणाऱ्या रोगात असा निर्णय मला तरी अवाजवी वाटत नाही. तरीही ‘मान्यता मिळाली’ आणि ‘रुग्ण सुधारले’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत, आणि बातमीतले वाक्य कोणते ते ओळखता आले पाहिजे.

यानंतर तुलना कोणाशी केली ते पाहावे. मेंदूविकारांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण अपेक्षेचा परिणाम मोठा असतो, कंपवातात तर फारच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंपवाताच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांच्या मेंदूत गर्भातील पेशी रोवण्यात आल्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या कवटीला केवळ छिद्रे पाडण्यात आली, आत काहीच घातले नाही. आपल्याला किती बरे वाटते याचे रुग्णांनी स्वतः केलेले मूल्यमापन ही मुख्य कसोटी होती, आणि तीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. छिद्रे पाडण्यापुरती शस्त्रक्रिया करणे नैतिक आहे का यावर वाद झाला आणि तो व्हायलाही हवा होता. पण तो गट नसता तर ही पद्धत यशस्वी म्हणून किती जणांवर वापरली गेली असती याचाही विचार करावा. तान्ह्या मुलांवरील चाचणीतही ही दक्षता घेतली जाते. स्पायनल मस्क्युलर अट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय विकारावरील नुसिनर्सेन हे औषध पाठीच्या कण्यातून देतात. तुलनेच्या गटातील बाळांच्या पाठीला सुईचा बारीक टोचा देऊन वर पट्टी लावली गेली, म्हणजे कोणाला औषध मिळाले हे आईवडिलांना कळू नये. बाळाला अपेक्षा नसते, आईवडिलांना असते. त्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ५१ टक्के बाळांनी मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे अशा टप्प्यांत ठरल्याप्रमाणे प्रगती केली आणि दुसऱ्या गटात एकानेही नाही. निकाल इतका ठळक असला की टक्केवारीचा खेळ करावा लागत नाही.

चाचणी पहिलीच आहे का, हे पाहिल्याशिवाय आशा बांधू नये. पहिल्या टप्प्यात सुरक्षितता, दुसऱ्यात योग्य मात्रा आणि परिणामाची चिन्हे, तिसऱ्यात खरी कसोटी, एवढे लक्षात असले तरी पुरते. एएलएसवरील एका दोन घटकांच्या औषधाला १३७ जणांच्या चाचणीच्या जोरावर सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ६६४ जणांच्या मोठ्या चाचणीचा निकाल मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा फायदा दिसला नाही आणि पुढच्याच महिन्यात ते बाजारातून काढून घेण्याचे जाहीर झाले. यात फसवणूक नव्हती. लहान गटात योगायोगाला वाव अधिक असतो, इतकेच.

चाचणीची नोंद पाहणे हे काम दहा मिनिटांचे आहे. शोधनिबंधाच्या सारांशाखाली बहुधा नोंदणी क्रमांक असतो; चाचण्यांच्या अमेरिकी नोंदवहीत तो एनसीटी या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे आठ आकडे असतात. नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून नोंद उघडली की दोन गोष्टी पाहाव्यात. मुख्य कसोटी म्हणून आधी काय जाहीर केले होते आणि बातमीत त्याच कसोटीचा निकाल सांगितला आहे का, ही एक. बदल असेल तर शंका घ्यावी. दुसरी म्हणजे कोणाला सहभागी करून घेतले आणि कोणाला वगळले. वय, आजाराची वर्षे, सोबतचे विकार, रक्त पातळ करणारी औषधे, जनुकीय प्रकार या अटी आपल्या रुग्णाच्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्या की पुष्कळ बातम्या आपल्यापुरत्या तिथेच संपतात. हे निराशाजनक वाटेल, पण त्यामुळे उरलेल्या एक-दोन बातम्यांना पुरेसा वेळ देता येतो.

त्या एक-दोन घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. सोबत कात्रण नको, एका कागदावर औषधाचे नाव, नोंदणी क्रमांक, मुख्य कसोटीवरील गुणांचा फरक आणि आपल्या रुग्णाला न बसणारी एखादी अट असेल तर ती, एवढे लिहून न्यावे. ‘हे औषध चांगले आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘या अवस्थेत हा फरक त्यांना जाणवेल का, आणि त्यासाठी कोणता धोका पत्करावा लागेल’ असे विचारले तर उत्तर नेमके मिळते. तोवर चालू औषधांत स्वतःहून काहीही बदल करू नये. अपस्माराची औषधे अचानक थांबवल्यास न थांबणारे झटके येऊ शकतात, आणि कंपवातावरील लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप व स्नायूंचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

चाचणीत प्रत्यक्ष सहभागी व्हायचे ठरले तर संमतीपत्र घरी आणून निवांत वाचावे. तशी मुभा मागण्यात संकोच नको. खोटे औषध मिळण्याची शक्यता किती, कोणत्याही क्षणी बाहेर पडता येईल हे स्पष्ट लिहिले आहे का, इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार आणि चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, हे त्यात शोधावे. तपासाधीन औषधासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेतले जात नाहीत. त्यामुळे मूळपेशींच्या (स्टेम सेलच्या) नावाखाली कोणी मोठी रक्कम मागत असेल, तुलनेचा गट नसेल आणि प्रत्येक विकारावर एकच उपचार सांगितला जात असेल, तर आधी नोंदणी क्रमांक मागावा आणि तो मिळेपर्यंत पैसे भरू नयेत.