पाऊस पडायच्या आत फऱ्याची लस घ्या, आणि मेलेलं जनावर फाडू नका

मंडळी, मृग तोंडावर आलाय, बियाणं-खताच्या गडबडीत गोठ्याकडे कुणाचं लक्ष नसतं म्हणून आधीच सांगतो, फऱ्या या गुरांच्या रोगाची लस राहिली असेल तर याच आठवड्यात उरकून घ्या. लस टोचली की लगेच ताकद येत नाही, दोन-तीन आठवडे जातात, आणि फऱ्या येतो तो पहिल्या पावसानंतर कोवळं गवत फुटलं की. मग दवाखान्याकडे पळून काय उपयोग.

हा रोग फिरून फिरून त्याच शिवारात का येतो? तर त्याचा जंतू मातीत झोपलेला असतो. उपासमार व्हायला लागली की हा जंतू स्वतःच्याच पोटात एक जाड सालीचं गाठोडं बांधतो, त्यालाच स्पोअर म्हणजे बीजाणू म्हणायचं, मग बाकीचा जंतू फुटून जातो आणि गाठोडं तेवढं मागे राहतं. बुरशीच्या बीजाणूशी याची गल्लत करू नका, बुरशी पसरायला ढिगाने बीजाणू सोडते, इथे एका जंतूत एकच, तोही नुसता तग धरायला. आत पाणी अगदी कमी असतं म्हणून ऊन लागत नाही, फिनेल लागत नाही, थोडा वेळ उकळलं तरी मरत नाही. लॅबमध्ये 121 अंशांवर वाफेच्या दाबाखाली 15 मिनिटं ठेवतात तेव्हा खात्री होते. आता अख्ख्या शिवाराला कुठला कुकर लावणार, म्हणून लसच.

फऱ्या बहुतेक करून सहा महिने ते दोन वर्षांच्या, अंगाने भरलेल्या वासरांना धरतो, हडकुळं राहतं आणि चांगला गोऱ्हा जातो. सकाळी वासरू एका पायाने लंगडतंय, अंगात ताप, फऱ्यावर म्हणजे मागच्या मांडीवर नाहीतर खांद्यावर सूज. हात लावून बघा, सूज आधी गरम आणि दुखरी असते, नंतर गार पडते, आणि दाबली की कातडीखाली चरचर वाजतं, आत गॅस भरलेला असतो. अशा वेळी डाग देत बसू नका. लवकर पेनिसिलिन मिळालं तर वाचू शकतं, संध्याकाळपर्यंत थांबलात तर अवघड आहे.

असाच बीजाणू करणाऱ्या जंतूचा दुसरा रोग म्हणजे काळपुळी (अँथ्रॅक्स), काही ठिकाणी फाशी म्हणतात. धडधाकट जनावर अचानक मरतं, नाकातोंडातून, शेणाच्या जागेतून काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही. असं दिसलं की सुरी बाजूला ठेवा, चामडं सोडवायचं नाही, पोस्टमार्टेम पण नाही. कारण या जंतूला बीजाणू करायला मोकळी हवा लागते, बंद शरीरात तो करू शकत नाही आणि कुजवणारे जंतूच त्याला काही दिवसांत संपवतात, पण तुम्ही पोट फाडलंत की सगळं रक्त हवेला लागलं, झाली पुढच्या पिढीची पेरणी. किती वर्षांची? स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर 1942 ला युद्धाच्या प्रयोगात हे बीजाणू सोडले होते, 1986 ला फॉर्मल्डिहाइड मारून माती धुतली आणि 1990 ला बेट सुरक्षित जाहीर झालं!

तर असं जनावर दिसलं की 1962 या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन लावा, नमुना डॉक्टर घेतील. तोवर नाकातोंडात, मागे कापसाचे नाहीतर कापडाचे बोळे, हातात ग्लोव्हज पाहिजेतच, कुत्री-कावळे लांब ठेवा. जाळता आलं तर उत्तम, नाहीतर सहा फूट खोल खड्डा, तोही विहीर-ओढ्यापासून लांब. रक्त सांडलेली वरची माती, खालचा चारा सगळं त्यातच घाला. नुसता चुना फेकला की काम झालं असं समजू नका, चुन्याने बीजाणू मरतातच असं नाही. त्या जागेला काटेरी कुंपण करा, तिथलं गवत कितीही लुसलुशीत दिसू दे, कापायचं नाही. आणि हाताळणाऱ्याच्या हातावर खाजरी पुळी येऊन मध्ये काळी खपली धरली, दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका, सरळ सरकारी दवाखान्यात जा आणि जनावर हाताळलं होतं हे डॉक्टरला आधी सांगा.

काळपुळीची लस मात्र सरसकट देत नाहीत, जिथे आधी रोग आलाय तिथेच. ती जिवंत बीजाणूंचीच असते, त्यामुळे टोचायच्या आगेमागे अँटिबायोटिक दिलं की लस वाया. फऱ्याची लस बहुतेक घटसर्प या गुरांच्या दुसऱ्या रोगाच्या लशीसोबत एकाच बाटलीत येते. बाटली बर्फाच्या डब्यातून आणा पण गोठू देऊ नका, आणि टोचल्यावर एखाद-दोन दिवस गाठ राहते, दूध थोडं घटतं, त्याला घाबरून बाकीची जनावरं मागे ठेवू नका.