नागपुरात बसून आपल्या पोरींच्या आइस हॉकी टीमचा रेकॉर्ड कसा वाचायचा

जून २०२५. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, भारतीय महिला हॉकी टीमला ब्रॉन्झ, अभिनंदन, फुलं, टाळ्या, आणि खाली फोटो कुठला तर निळ्या टर्फवर वाकून स्टिक मारणाऱ्या मुलींचा. मी लिहिलं की बावा ही ती टीम नाही, ही बर्फावरची आहे. तर एकजण म्हणे, काहून, आपल्याकडे बर्फावरची पण टीम आहे? आहे ना. २०१६ पासून खेळून राहिल्या. मग दोन-तीन जणांनी विचारलं की यांचा रेकॉर्ड कुठे बघायचा, कसा समजायचा, तेव्हा ग्रुपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो.

पहिलं काम म्हणजे शोधायचं काय ते. नुसतं 'महिला हॉकी' टाकलं की सगळं मैदानावरचंच येणार, ती वेगळी टीम, वेगळी संघटना, सगळंच वेगळं. 'आइस हॉकी' पूर्ण टाका. जगाची संघटना म्हणजे आयआयएचएफ, ऑफिस झुरिचला, आणि आपली आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया १९८९ पासून तिची मेंबर आहे. म्हणजे कागदावर आपण जुने आहोत, पण बायकांची टीम बाहेर खेळायला जायला पुढची सत्तावीस वर्षं लागली. आयआयएचएफच्या साइटवर प्रत्येक मॅचचा शीट मिळतो, तोच खरा. फॉरवर्ड आलेला स्कोअर एकदा तिथे जाऊन तपासून घ्या.

आता इथे एक घोळ आहे, त्यात मीही फसलो होतो. स्पर्धेचं नाव बदलत गेलं. आधी चॅलेंज कप ऑफ एशिया, मग २०२३ ला एशिया अँड ओशनिया चॅम्पियनशिप, आणि २०२५ ला एशिया कप. एकाच नावाने शोधाल तर अर्धा रेकॉर्ड हाती लागेल आणि तुम्हाला वाटेल मधली वर्षं या पोरी घरीच बसल्या होत्या. मधे कोविडची वर्षं कोरी गेली हे खरं, पण बाकीचं तीन नावांखाली विखुरलेलं आहे. एक साधी वही घ्या, वर्ष, गाव, कोणाशी, स्कोअर, एवढे चार रकाने आखा. पाचवा रकाना मी नंतर सांगतो, तोच महत्त्वाचा.

वहीत पहिली ओळ येईल २०१६, तैपेई. लोकांकडून वर्गणी काढून गेल्या होत्या, आणि एकही मॅच जिंकल्या नाहीत. दुसरी ओळ २०१७, बँकॉक. इथे फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं, हा भारताच्या बायकांचा आइस हॉकीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि त्याच स्पर्धेत मलेशियालाही हरवलं. तेव्हा कॅप्टन रिंचेन डोल्मा, गोलमध्ये नूर जहाँ. जवळजवळ सगळी टीम लडाखची. मग मधल्या ओळी तुम्ही स्वतः भरा, आणि शेवटी २०२५, युएईमधलं अल ऐन, तिथे पहिलं पदक, ब्रॉन्झ. गोल्ड कोणाला? फिलिपिन्सला. सिल्व्हर इराणला.

थांबा इथे जरा. ज्यांना आपण २०१७ ला हरवलं ते आठ वर्षांत गोल्डवर, आपण ब्रॉन्झवर. मग आपण पुढे गेलो की मागे पडलो? नुसत्या जिंकल्या-हरल्याच्या आकड्यावरून हे कळत नाही, म्हणून तो पाचवा रकाना. त्यात लिहायचं, त्या देशाकडे वर्षातून किती महिने बर्फ असतो.

आपल्याला वाटतं थंड देश म्हणजे बर्फ, गरम देश म्हणजे बोंबला. उलटं आहे. फिलिपिन्स, थायलंड, मलेशिया, युएई, सगळे आपल्यासारखेच घामाघूम देश, पण तिथे मॉलमध्ये रिंक आहेत, म्हणजे बर्फाची तयार मैदानं. सिमेंटच्या स्लॅबखाली पाइप टाकतात, त्यातून चिलरचं गार केलेलं पाणी-ग्लायकॉल, म्हणजे शून्याखालीही न गोठणारं मिश्रण, फिरतं, वर पाणी शिंपडत शिंपडत बर्फाचे पातळ थर बसवतात, झालं, बाहेर ४५ डिग्री असू द्या नाहीतर काही असू द्या. बारा महिने पोरं शाळेतून सुटून प्रॅक्टिसला जातात. आणि आपल्या पोरी कुठे, तर लेहमध्ये, साडेतीन हजार मीटर उंचीवर, कारझूच्या गोठलेल्या तळ्यावर. तो बर्फ डिसेंबरच्या शेवटी धरतो आणि फेब्रुवारी संपता संपता सुटतो. दोन-सव्वादोन महिने. त्यातही मुलांचं झाल्यावर उरलेल्या वेळात आम्हाला बर्फ मिळायचा असं या खेळाडूच सांगत आल्यात. आता लेहला तयार बर्फाची रिंक आहे, डेहराडूनची मोठी इनडोअर रिंक वर्षानुवर्षं बंद राहून २०२५ ला सुरू झाली, तरी पायाखालच्या बर्फाचे तास मोजाल तर मनीलाच्या मॉलमधली पोरगी पुढेच निघेल. हा रकाना भरला की मे-जूनमधल्या स्पर्धेतलं ब्रॉन्झ वेगळंच दिसायला लागतं, कारण आपल्याकडचं तळं तेव्हा वितळून तीन महिने झालेले असतात. माझ्या मते तर पदकापेक्षा हेच जास्त भारी आहे, पण असो.

अजून एक, एशिया कप म्हणजे अख्खा आशिया नव्हे. जपान, चीन, कोरिया या स्पर्धेत नसतात, ते वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या वरच्या पायऱ्यांवर खेळतात. तिथे सगळ्यात वर टॉप डिव्हिजन, मग डिव्हिजन वन, टू, थ्री अशी उतरंड. डिव्हिजन वन ऐकून हुरळून जाऊ नका, ती पहिली नाही, दुसरी पायरी. तेव्हा 'आपण आशियात तिसरे' असं कोणी म्हटलं की हळूच सांगा, आशियातल्या नव्याने वर येणाऱ्या टीमांमध्ये तिसरे. त्याने पदकाची किंमत काही कमी होत नाही.

पॉइंट टेबल. क्रिकेटसारखे दोन नाहीत, तीन पॉइंट असतात. साठ मिनिटांत जिंकलं तर ३. बरोबरी झाली तर ओव्हरटाइम, त्यातही नाही सुटलं तर शूटआउट, म्हणजे एकेकीने एकट्या गोलकीपरवर गोल मारायचा, तिथे जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १. म्हणजे हरूनही एक पॉइंट मिळतो, त्यामुळे तीन जिंकलेली टीम कधीकधी दोन जिंकलेल्या टीमच्या खाली दिसते आणि लोक चिडतात की टेबल चुकलं. चुकलेलं नसतं.

आता मॅचचा शीट, इथे मात्र सावकाश वाचा. समजा लिहिलंय ०-४. वाटतं, धुतलं. मग एसओजी नावाचा रकाना बघा, म्हणजे गोलवर आलेले शॉट. तिथे समजा १२ विरुद्ध ४० असेल, तर आपल्या गोलकीपरवर चाळीस शॉट आले आणि तिने छत्तीस अडवले. नव्वद टक्के. त्या दिवशी हरली ती टीम, गोलकीपर नाही. आता तेच ०-४ पण शॉट २० विरुद्ध २०, तर मग गोलकीपरचा दिवस वाईट होता. स्कोअर एकच, गोष्ट दोन. मग पीआयएम बघा, पेनल्टीची मिनिटं. साधी चूक दोन मिनिटांची, तेवढा वेळ ती खेळाडू बाहेर बॉक्समध्ये बसते आणि तुमच्या चारजणी त्यांच्या पाचजणींशी खेळतात. पीरियड तीन, वीस-वीस मिनिटांचे. तिसऱ्या पीरियडला गोल धडाधड खात असाल तर दम कमी पडून राहिला समजा, कारण एकेक लाइन, म्हणजे एकत्र उतरणारा खेळाडूंचा गट, पाऊण मिनिटाला बदलायची असते, आणि राखीव खेळाडू कमी ताकदीच्या असल्या की त्याच पाचजणींना पुन्हा पुन्हा उतरवावं लागतं.

आणि शेवटचा गोल तपासा. एक गोलने मागे असलेली टीम शेवटच्या दीड-दोन मिनिटांत गोलकीपरलाच बाहेर बोलावते आणि सहावी खेळाडू आत पाठवते. गोल मोकळा. त्यात समोरच्यांनी लांबून पक, म्हणजे बॉलच्या जागी असते ती चकती, सोडला की झाला ३-१. शीटवर दोन गोलचा फरक दिसतो, खरी मॅच २-१ ची होती. माझ्या वहीत अशा स्कोअरपुढे मी फुलीची खूण करतो.

लाइव्ह बघायची असेल तर वेळेचा हिशोब कागदावर करा, डोक्यात नको. अल ऐन आपल्या दीड तास मागे आहे. मॅच तिथल्या चार वाजता म्हणजे आपल्या साडेपाचला. मी शहाणा, दीड तास मिळवायच्या ऐवजी वजा केला, अडीचला कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून, पोह्यावर तर्री घेऊन बसलो आणि रिकाम्या रिंकचा एक बंद फोटो तीन तास बघत राहिलो. बायकोने विचारलं, बर्फ जमायची वाट बघताय का? बँकॉकला असेल तर उलटं, ते आपल्या दीड तास पुढे.

पक दिसत नाही ही सगळ्यांची तक्रार. पहिल्या दिवशी कोणालाच दिसत नाही. कॅरमच्या स्ट्रायकरसारखा दिसतो पण रुंदी साडेसात सेंटिमीटरच्या वर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे हातात घेतला तर सीझन बॉलएवढा जड. रबराचा असतो आणि मॅचआधी फ्रीझरमध्ये ठेवतात, नाहीतर टप्पे खात उडतो. त्याच्या मागे डोळे पळवू नका, खेळाडूंचे खांदे कुठे वळले ते बघा, पक तिकडेच असतो. आमच्या शेजारच्या काकू माझ्यासोबत एक पीरियड बसल्या, पंधराव्या मिनिटाला त्यांना दिसायला लागला, म्हणे, या तोंडाला जाळ्या काहून लावून राहिल्या? बायकांच्या मॅचमध्ये पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा पारदर्शक काच सक्तीची आहे, आणि पुरुषांसारखं अंगावर धडकून उडवलं तर पेनल्टी मिळते.

पोरांना शिकवायचं असेल तर नागपुरात सुरुवात स्केटिंगपासूनच, त्यातही एका रांगेत चाकं असलेले इनलाइन घ्या, चारचाकी नको. तोल तोच लागतो. थांबणं मात्र बर्फावर नव्याने शिकावं लागतं, तिथे दोन्ही ब्लेड आडव्या करून बर्फ खरवडत थांबतात, टाचेचा ब्रेक नसतो.

आणि प्रत्यक्ष बघायचं तर जानेवारीत लेह गाठा, खेलो इंडियाचे बर्फावरचे खेळ आणि तिथल्या लोकल स्पर्धा त्याच दिवसांत असतात. दिल्लीहून सकाळचं विमान पकडा. उतरल्यावर दोन दिवस काही करायचं नाही, जिना चढतानाही हळू, उंची खोटं बोलत नाही. उभं राहून बघायचं असतं म्हणून पायात दोन मोजे घाला. मोबाईल जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, मी बाहेरच्या खिशात ठेवला होता, ऐंशी टक्क्यांवरून दुसऱ्या पीरियडलाच बंद पडला आणि पुढचे गोल वहीत पेन्सिलने लिहावे लागले, कारण पेनची शाईही गोठली होती.