पंप आरशासमोर उभं राहून मारा

मला दमा आहे, पंधरा वर्षं झाली, आणि त्यातली पहिली तीन वर्षं मी पंप (म्हणजे इनहेलर) चुकीचाच मारत होते. मेडिकलवाल्याने पिशवीत टाकून दिला, कसा घ्यायचा ते कुणी धड दाखवलंच नाही. आधी फुस्स करायचं आणि मग श्वास ओढायचा, तोवर औषध जिभेवर नि टाळ्यावर. एकदा बेसिनच्या आरशात बघितलं तर तोंडातून पांढरा धूर बाहेर येतोय, तेव्हा ट्यूब पेटली. तुम्हालाही तसा धूर दिसला तर औषध वाया गेलं समजा.

तर आधी पंप नीट हलवा, मग श्वास पूर्ण बाहेर सोडा (हे सगळे विसरतात), पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरा, हळूहळू श्वास आत ओढायला लागा आणि ओढता ओढताच दाबा, नंतर मनात दहा आकडे होईपर्यंत श्वास धरून ठेवा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, परत हलवून. टायमिंग जमतच नसेल तर सरळ स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) घ्या, तो फक्त लहान मुलांचा नसतो. तो साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसला की औषध प्लास्टिकलाच चिकटून बसतं. कॅप्सूल टाकून घ्यायचा प्रकार असेल तर मात्र उलटं, तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा.

आता मुख्य घोळ. दम्यात श्वासनळ्या आवळतात हे खरं, पण त्यांना आतून सूजही असते. साल्बुटामॉलचा पंप आवळलेलं सैल करतो, चार-सहा तास बरं वाटतं, सूज तशीच. ती उतरवतो स्टिरॉइडवाला पंप, आणि तो रोज घ्यायला सांगितला असेल तर काहीच होत नसलं तरी रोज घ्यायचा. इथेच लोक गंडतात, बरं वाटलं की बंद. स्टिरॉइड म्हटलं की आमच्या सासूबाई अजून घाबरतात, 'सवय लागेल गं', पण पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठं माप, आणि सवयबिवय काही लागत नाही. घेतल्यावर चूळ मात्र भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. नुसत्या साल्बुटामॉलवर दिवस काढू नका असं जागतिक गाइडलाइनमध्येही 2019 पासून आहे. काहींना दोन्ही कामं करणारा एकच पंप देतात, ते डॉक्टर ठरवतील.

घरात काय त्रास देतं ते ज्याचं त्याने शोधायचं. माझं म्हणजे माळ्यावरच्या गाद्या. दिवाळीची साफसफाई, थंडी नि फटाके सगळं एकदम येतं, म्हणून माळा मी नवऱ्याकडे देऊन टाकलाय. चादरी-अभ्रे आठवड्याला 60 डिग्रीच्या गरम पाण्यात धुतले की धुळीतले किडे मरतात. पावसाळ्यात भिंतीची ओल, मच्छर कॉइल, धूप, मिरचीचा ठसका यावर लक्ष ठेवा. काहींना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरनेही अटॅक येतो, तेव्हा कुठलीही गोळी घेण्याआधी दमा आहे हे सांगा.

आठवड्यात दोनदापेक्षा जास्त वेळा आरामाचा (साल्बुटामॉलचा) पंप लागतोय किंवा रात्री खोकल्याने जाग येतेय, तर अपॉइंटमेंट घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आणि एका दमात वाक्य पुरं होत नसेल, गळ्याखाली खळगा ओढला जात असेल, तर आडवं पडायचं नाही, ताठ बसायचं, स्पेसरमधून आरामाच्या पंपाचे चार ते दहा पफ एकेक करून घ्यायचे आणि घरच्यांना तेवढ्यात 108 लावायला सांगायचं. ओठ निळे पडले किंवा दम लागलेला असूनही छातीतली शिट्टी अचानक थांबली तर बरं वाटलं म्हणून गाडी परत फिरवू नका, ती शिट्टी हवाच आत जात नाही म्हणून थांबलेली असते.