किल्वा जिल्ह्यातील गावजंगले : व्यवस्थापन करताना या चुका टाळा

टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील किल्वा जिल्ह्यात म्पिंगो नावाचे झाड वाढते. आपल्या शिसवीच्या या भाऊबंदाच्या काळ्या, घट्ट गाभ्यापासून क्लॅरिनेट आणि ओबो ही वाद्ये घडवली जातात. २००२ च्या वन कायद्याने तेथील गावांना स्वतःचे राखीव जंगल जाहीर करण्याचा आणि लाकडाचे उत्पन्न गावातच ठेवण्याचा मार्ग खुला केला, आणि २००९ मध्ये किल्व्यातील गावजंगलांना जंगल जबाबदारीने सांभाळल्याची ग्वाही देणारे एफएससी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळाले. मात्र हक्क मिळाला की जंगल आपोआप टिकते, असे समजणे हीच पहिली चूक आहे.

शेजारच्या गावाशी हद्द ठरण्याआधी झाडांची मोजदाद सुरू केली, तर पुढे मोलाची झाडे असलेला पट्टाच वादात अडकण्याचा धोका राहतो. म्हणून दोन्ही गावांच्या जाणत्यांनी सोबत हद्द चालून, खुणा करून आणि लेखी सह्या घेऊन मगच नकाशा पक्का करावा.

सर्वांत गंभीर गैरसमज वणव्याबाबत आहे. येथील मिओम्बो वनांत, म्हणजे विरळ झाडे आणि खाली गवत असलेल्या पानझडी जंगलांत, कोरड्या ऋतूत गवत वाळते. शेत भाजताना किंवा मध काढताना निसटलेली ठिणगी त्याला पुरते. आगीवर सरसकट बंदी घातली, तर वाळलेले गवत साचत जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागलेला वणवा रोपे जाळून टाकतो. शिवाय मोठ्या खोडांच्या जखमांतून गाभा कुजतो आणि पोकळ म्पिंगो वाद्यांसाठी निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी कोरडा ऋतू सुरू होताच, गवतात थोडी ओल असताना, ठरवून तुकड्यातुकड्यांनी सौम्य आग लावावी. हे काम कष्टाचे आहे, पण माझ्या मते गस्तीइतकेच महत्त्वाचे आहे.

तोड करताना सरळ, निरोगी खोडेच निवडली, तर बियांसाठी वाकडी झाडेच उरतात. काही उत्तम झाडे बीजवृक्ष म्हणून राखावीत. म्पिंगो तोडण्याजोगा होण्यास अनेक दशके लागतात, त्यामुळे ही चूक पुढच्या पिढीलाही दुरुस्त करता येत नाही.

गावसमितीकडे पैसा आला, तरी हिशेब ग्रामसभेत वाचला गेला नाही, तर जंगल समितीचे आहे असे लोकांना वाटू लागते, आणि तिळाला चांगला भाव मिळताच नवे शेत काढण्यासाठी झाडांवर कुऱ्हाड पडते. त्यामुळे जमिनीच्या आराखड्यात शेतीसाठी पुरेशी जागा आधीच राखावी, आणि जंगलाच्या उत्पन्नातून काय करायचे, हे तीळ पिकवणाऱ्या कुटुंबांना विचारून ठरवावे.