जुन्या बाइकची बॅटरी कोण पितंय? शोधायला बसण्याआधीची तयारी

नवी बॅटरी लगेच आणू नका. चार दिवस उभी असलेली गाडी सेल्फ दाबल्यावर नुसती टकटक करायला लागली की दुकानदार बॅटरीच बदलायला सांगणार. गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही झिरपणारा करंट, वायरिंगमध्ये असेल तर नवीसुद्धा तशीच उतरेल. शोधायचं काम रविवारी सकाळी करा, पण तयारी शुक्रवारी रात्री सुरू होते.

शुक्रवारी बॅटरी काढून घरी आणा, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळेल ही आशा ठाण्यात धरू नये. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. या क्रमाने पाना फ्रेमला टेकला तरी शॉर्ट होत नाही. ५ एएचच्या (अँपियर-तासाच्या) बॅटरीला साधारण अर्ध्या अँपियरचा छोटा चार्जर पुरतो. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून गॅलरीत ठेवा. देवघराच्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब. बॅटरीच्या डोक्यावर ओलसर मळ असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, पाणी आत जाऊ देऊ नका. त्या मळातूनही करंट गळतो.

शनिवारी चार्जर काढल्यावर काही तास थांबून व्होल्टेज लिहून ठेवा. चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. मग ती रात्रभर सुटीच राहू द्या. एकही वायर जोडलेली नसताना रविवारी आकडा १२.२ वर आला असेल तर दोष बॅटरीचाच. नवी घ्या आणि पुढचं वाचू नका.

सामान फार लागत नाही, पण गाडी उघडल्यावर शोधाशोध नको. १० अँपियरची रेंज असलेला डिजिटल मल्टीमीटर (मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जायची गरज नाही, साधा चालतो), त्याच्या टोकांना लावायला क्रोकोडाइल क्लिपा, १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, गाडीचा आणि मीटरचा एकेक जादा फ्यूज, कॉन्टॅक्ट क्लीनर, मास्किंग टेप आणि पेन. स्टिल्ट पार्किंगमध्ये दिवसाही अंधार असतो, म्हणून टॉर्च हवाच. आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, खाली नेटवर्कचा भरवसा नाही. गाडी उघडली की कोणी ना कोणी काका सल्ला द्यायला येतातच. त्यांना मीटरचा आकडा वाचायला बसवा. कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे प्लग, काढायला दोन्ही हात लागतात.

पावसाळा असेल तर गाडी आधी पुसून वाळवू नका. ओल्या कपलरमधली गळती वाळल्यावर गायब होते आणि मग सापडत नाही. कोपरी, ऐरोली, वाशी अशा खाडीकाठी पितळी पिनांवर हिरवी पूड धरलेली असते, तिकडे टॉर्च आधी मारा. उंदरांनी कुरतडलेली वायरही डोळ्यांनीच दिसते.

बॅटरी बसवल्यावर पहिली चाचणी गळतीची नव्हे, चार्जिंगची. इंजिन चालू करून रेस वाढवल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.५ च्या आसपास व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा १२.५ वरच अडला तर बॅटरी भरतच नाहीये. आणि चार्जिंग ठीक असूनही गाडी रोज नौपाड्याहून ठाणे स्टेशन एवढीच धावत असेल, तर सेल्फने खाल्लेलं परत भरायला वेळच मिळत नाही. यालाही लोक गळती म्हणतात.

आता खरं काम. चावी बंद, मोबाइल चार्जर काढलेला. इग्निशन स्विचला पार्किंग लाइटची जागा असेल तर चावी तिथे राहिली नाही ना, बघा. निगेटिव्ह वायर सोडवून ती आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावा, आधी १० अँपियरवर, आकडा बारीक निघाला तरच मिलिअँपियरवर. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फला तर हातच लावायचा नाही. मीटरचा फ्यूज उडेल. घड्याळ किंवा अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. ५० मिलिअँपियर दिसले तर ५ एएचची भरलेली बॅटरी १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी.

फ्यूज एकेक काढून बघा असा सल्ला सगळे देतात, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्यूज एकच असतो. कपलरच काढावे लागतात. बाहेरून बसवलेलं सगळं आधी सोडवा: अलार्म, जीपीएस, जादा हॉर्नचा रिले, एलईडी. माझा पहिला संशय नेहमी त्यांच्यावर. मग रेग्युलेटर-रेक्टिफायरचा, म्हणजे इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीला योग्य करून देणाऱ्या डब्याचा, कपलर. आतला डायोड गळका झाला असेल तर तो काढताच आकडा पडतो. शेवटी इग्निशन स्विच. काढलेल्या प्रत्येक कपलरला टेपवर नंबर द्या, आधी फोटो काढा.

काम झालं की मीटरची लाल पिन १० अँपियरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला. ती तिथेच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होईल. सगळे कपलर काढूनही आकडा हलला नाही, तर लिहिलेले आकडे घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, मॅकेनिककडे नको.