मत्स्यखाद्याच्या कामात येताय? आधी तळ्याचा हिशेब शिका

मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या बहुतेक पोरांचा ओढा बीजकेंद्राकडे नाहीतर कोळंबीकडे असतो. खाद्याकडे फारसं कुणी वळत नाही, आणि भंडारा-गोंदियाकडे तर त्याच माणसांची गरज आहे. नागपुरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथली मत्स्यविज्ञानाची पदवी, बी.एफ.एस्सी., चार वर्षांची. पुढे मत्स्यपोषणात पदव्युत्तर एम.एफ.एस्सी. केली तर उत्तमच, पण काम कळतं ते तळ्याच्या पाळीवर.

पहिल्यांदा एक गणित पाठ करा. २८ टक्के प्रथिनांच्या १०० किलो खाद्यात साधारण साडेचार किलो नत्र (नायट्रोजन) असतं. दोन किलो खाद्यामागे एक किलो मासा धरला, तर ५० किलो माशात त्यातलं सव्वा-दीड किलोच जातं. उरलेलं तीन किलो पाण्यात, बहुतेक अमोनिया होऊन. हा अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवर (पीएचवर) अवलंबून. तीस अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याच्या आत, ९ झाला की चाळीसच्या वर. हिरव्यागार तळ्यात मे महिन्याच्या दुपारी सामू ९ वर जाणं काही नवल नाही. म्हणून मी मीटर घेऊन दुपारीच जाते. सकाळचा आकडा फसवतो. प्राणवायूचं उलट, तो पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून तेव्हाच मोजायचा.

स्फुरदाची (फॉस्फरसची) भानगड जास्त छुपी आहे. आपल्याकडे राईस मिलचा कोंडा मुबलक, सोयाबीनची ढेपही मिळते. पण त्यातलं बरंचसं स्फुरद फायटेट या वनस्पतींतल्या संयुगात अडकलेलं असतं. रोहू, कटला, मृगळ यांना जठरच नाही, आम्ल नाही, त्यामुळे ते पचत नाही. सरळ विष्ठेतून पाण्यात जातं आणि शेवाळ पोसतं. फायटेट फोडणारं विकर, फायटेज, मिसळा, किंवा ढेप आधी त्यात भिजवून घ्या. वरून स्फुरद द्यायचंच तर मोनोकॅल्शियम फॉस्फेट घ्या. स्वस्त म्हणून डायकॅल्शियम घालणारे पुष्कळ आहेत, पण या माशांना ते निम्म्याच्या आसपासच लागू पडतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर जास्तच जपा, तिथे स्फुरद धरून ठेवायला मातीच नसते.

कोंडा-ढेपेचं पीठ मुठीने फेकायची पद्धत अजून सगळीकडे दिसते. अर्धं विरघळतं, अर्धं तळाशी कुजतं. तयार गोळीखाद्य परवडत नसेल तर आंध्रातली युक्ती करा: पोत्याला खाली भोकं पाडून ते बांबूला बांधून पाण्यात सोडायचं. मासे येऊन ओढून खातात. दोन तासांनी पोत्यात खाद्य उरलं असेल तर उद्या कमी. रोज माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के खाद्य सांगणारा तक्ता छापील असतो, पोतं खरं बोलतं.

ढेप घेताना वास घ्या. पावसाळ्यात शेंगदाण्याच्या ढेपेला बुरशी लागली की तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, आलंच, आणि ते माशाच्या यकृतावर बसतं. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं अपायकारक द्रव्य असतं, ती थोडीच. कच्चा कोंडा पडून राहिला की खवट होतो, तेल काढलेला बरा टिकतो. आणि मोहाची ढेप? ती तळं मारायला वापरतात, शिकारी मासे संपवायला. ढेप म्हणजे ढेप समजून खाद्यात घालायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

ढिवर समाजाच्या मच्छीमार सोसायट्यांत जाल तेव्हा आधी ऐका. एका सोसायटीतले काका मला म्हणाले होते, ‘बाई, पहाटं मासे तोंड वर काढून रायले का त्या दिवशी खाणं नाही टाकत आपण.’ मीटर नसताना हा नियम चोख आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांत सहसा खाद्य टाकतच नाहीत, तेव्हा तिथे तुमची गोळी विकायला जाऊ नका. काम शेततळ्यांत आहे.

डिसेंबरात पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की मासा खाणं कमी करतो. त्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणा, कधी बंदही ठेवा. दुकानदार कुरकुर करेल.